तुळशीचं उरलेलं पाणी

१७ जानेवारी

सुनेची झाडं मी कुजवली आणि दोष तिच्यावर ढकलला. घरात सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहिते आहे.

राजेश्री माहेरी पूर्णेला गेली तेव्हा एवढंच म्हणाली होती — "आई, माझ्या सक्युलंटना पाणी घालू नका. आल्यावर मी बघते." मी कुंड्या उन्हासाठी तुळशीशेजारी मांडल्या. सकाळी तुळशीला घालून तांब्यात थोडं पाणी उरतंच. (तो तांब्या मी कुणाच्या हाती देत नाही.) पूजेचं पाणी मोरीत कसं ओतायचं? ओतलं कुंड्यांत. रोज. आणि मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली! जाड पानं स्वतःच पाणी साठवतात, हे परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

काल आमच्याकडे हळदीकुंकू. शेजारच्या विजयमालाने अंगणातच विचारलं, "काकू, ह्या कुंड्यायला काय झालं? पार लिबलिबीत झाल्या की."

बायका वळून बघू लागल्या. मी म्हणाले, "सूनबाईची हौस. आणायचं आणि माहेरी जाऊन बसायचं."

"मग वाण म्हणून ह्याच वाटा की!" विजयमाला म्हणाली. सगळ्या हसल्या.

राजेश्री कालच परतलेली. तिळगुळाचं ताट घेऊन मागेच उभी होती. म्हणाली, "चुकलंच माझं."

१८ जानेवारी

तिने झाडं उपटून पाहिली. मुळं काळी. ओल्या मातीवर अक्षता चिकटलेल्या — माझ्या तांब्यातल्या. तिने त्या वेचून तुळशीत ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

१९ जानेवारी

सांगायचं ठरवलं होतं. त्याऐवजी वरणात मीठ जास्त पडलं म्हणून तिला बोलले. मीठ बरोबर होतं.

२१ जानेवारी

कुजलेलं कापून टाकलं तिने. धड पानं सावलीत कागदावर वाळत घातली. जखम सुकली की कोरड्या वाळूवर ठेवायची म्हणे.

"पाणी कधी घालायचं?" मी विचारलं.

"मुळं फुटेपर्यंत नाही."

"तोवर करायचं काय?"

"काही नाही, आई. हात आवरायचा."

झाडांबद्दलच बोलत होती. तरी मला लागलं. शेवटी विचारलं, "अक्षता दिसल्या ना तुला?"

"हळदीकुंकवाच्या आधीच दिसल्या होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या बायकांसमोर?"

मी स्वयंपाकघरात निघून आले. उगाच डबे पुसत बसले.

२५ जानेवारी, रथसप्तमी

विजयमालाकडे हळदीकुंकू. त्याच बायका. राजेश्री सोबत होती. कुंकू लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाले, "त्या दिवशीच्या कुंड्या मी कुजवल्या. हिने पाणी नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही."

मग विजयमाला — "तुमी? तुमी तर आमाला डाळ कशी धुवायची तेबी शिकवता की, काकू."

बोलू दिलं.

८ फेब्रुवारी

वाळूवरच्या एका पानाला गुलाबी मूळ फुटलं आहे.

अंघोळीनंतर राजेश्रीच्या हाती दिला: तुळशीचा तांब्या. सासूबाईंनी मला दिलेला. उरलेलं पाणी कुठे घालायचं, ते सांगितलं नाही.