कालमुर्झा आजोबांची दुआ

ताश-केचू, ओश प्रांत
१४ एप्रिल २००३

ती. ओरोझबेकदादास,
स. सलाम वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत आणि मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे. ओढ्यावरचा पूल वाहून गेल्यापासून इथली पत्रं घोड्यावरून पलीकडे जातात आणि तिथून कुणाच्या तरी ट्रकने तुझ्या गावी. हे हाती पडेपर्यंत माझा राग निवला असेल, असं मात्र समजू नकोस.

ऐकलं ते खरं का रे? जिल्हा परिषदेत यंदाचा सगळा निधी तू आपत्तिग्रस्तांसाठी मागणार, आणि आम्हाला डोंगरावरून उठवून खाली माळावर घरं देणार? अरे, पण आम्हाला विचारलंस? मार्चात चिखलाचा लोंढा आला, माझी मागची भिंत गेली, सगळं कबूल. पण अख्खं गाव अशारला, सगळ्यांनी मिळून काम करायला, धावलं. कुणी माती तुडवली, कुणी विटा थापल्या, मी सगळ्यांसाठी पुलाव शिजवला, आणि भिंत उभी राहिली! घर आहे आम्हाला. नाही तो पूल, आणि नाही ती बस.

नुरझातला, माझ्या सुनेला, ऑगस्टमध्ये दिवस भरतील. गेल्या हिवाळ्यात शेजारची गुलसून दवाखान्यात जायला निघाली आणि वाटेत गाढवावरच मोकळी झाली. मूल गेलं तिचं. माझ्या सुनेला मी गाढवावर बसवणार नाही, सांगून ठेवते. तू भाषण करायचंच असेल तर पुलासाठी कर, बससाठी कर. माळावर घर घेऊन मी काय वाळू चाळत बसू?

वहिनीला सलाम. राग आहे म्हणून लोभ आटला असं नाही. तुझाही आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
जीपार

•

कोक-तेरेक
२२ एप्रिल

चि. जीपार हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चहा पिताना वाचलं आणि जीभ भाजली. चहाने की पत्राने, कोण जाणे. तुझी वहिनी हसून हसून लोळली. म्हणाली, लोकांनी चुकीच्या भावंडाला निवडून दिलं.

पण बाई, तू हे विसरतेस की मार्चात कमरेएवढ्या चिखलात उभा राहून तुझी ट्रंक ओढणारा मीच होतो. तो डोंगराचा आवाज मला अजून ऐकू येतो. लोंढा पुन्हा येणार, आणि येताना तुझी परवानगी घेणार नाही. बस चांगलीच आहे गं, पण बसमध्ये बसायला माणसं जिवंत हवीत ना? आधी डोक्यावर छप्पर, मग चाकं. आमच्या परिषदेतली सालिमाबाई तुझ्याच सुरात गाते. ती पूर्वी बस चालवायची, त्यामुळे तिला जगात बसशिवाय काही दिसतच नाही.

पाच मेला सभा आहे. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. तुमच्या गावचे कालमुर्झा आजोबा सगळ्या खोऱ्यात वडीलधारे. माझं भाषण संपलं की ते हात वर करून दुआ देतील, सभा आमीन म्हणेल, आणि आमीननंतर तोंड उघडायची कुणाची छाती आहे? आजोबा रोज सकाळी तुझ्याकडेच खातात, तेव्हा त्यांना वेळेवर घोड्यावर बसवून देण्याचं काम तुझ्याकडे. ओढ्यापलीकडे मी गाडी पाठवतो. एवढं कर. भांडण नंतर करू.

नुरझातला जप. भावावरची माया मतभेदात वाहून जाऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
ओरोझबेक

•

कोक-तेरेक
६ मे

चि. जीपार हीस,
अ. उ. आ.

नाच! पूल होतोय, बस येतेय, आणि तुझा भाऊ सपशेल आपटलाय!

झालं असं. आजोबा सभागृहात आले, टेकले आणि म्हणाले, पोटात कावळे ओरडताहेत. आता म्हातारा माणूस समोर उपाशी बसलेला असताना भाषण कोण ठोकणार? मीच धावपळ करून दस्तरखान अंथरला. तळलेले बोरसोक, साय, मटणाचा रस्सा, चहा. वेळ जायला नको म्हणून अध्यक्षांनी सालिमाबाईला आधी बोलायला सांगितलं. ती बोलतेय, आजोबा जेवताहेत. तिने गुलसूनची गोष्टही सांगितली. ती खाली बसली, आजोबांनी वाटी पुसली, आणि जेवण झाल्यावर कुणीही करतं तेच त्यांनी केलं. हात वर केले!

मी ओरडणार होतो, पण ओरडू कसा? दुआ सुरू झाली होती. वाट मोकळी राहो, पूल पक्का राहो, घरून निघालेलं माणूस घरी परत येवो. सगळ्यांचे हात वर. माझेही! सगळ्यांनी आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवले, मीही फिरवले. सवयच ती. मग भाषणाचा कागद काढून उभा राहिलो, तर आजोबांनी शांतपणे विचारलं, बाळा, आमीन तूही म्हणालास ना? सभागृह असं हसलं की मलाही हसू आवरेना. जन्मात एवढं मजेशीर हरलो नव्हतो.

पण जीपू, आता थट्टा नाही. निधी तिकडे गेला. लोंढा आला तर तुम्हाला वाचवणार कोण? मला खरंच भीती वाटते गं.

हरलेल्या भावावर जरा जास्तच लोभ ठेव.

ओरोझबेक

•

ताश-केचू
२४ ऑगस्ट

ती. दादास,
स. सलाम वि. वि.

सुयुंचू! सुयुंचू! हे पत्र देणारा बसड्रायव्हर आनंदाच्या बातमीचं बक्षीस मागेल, ते आधी त्याच्या हातावर ठेव आणि मगच पुढे वाच. ठेवलंस? चिक्कू कुठला!

तू आजोबा झालास! मुलगी झालीय, नाक थेट तुझं, बिचारीचं. मंगळवारी दुपारी नुरझातच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तेवढ्यात वर डोंगर गरजला. लोंढा आला दादा, मार्चातल्यासारखाच. पण जूनमध्ये तू गाव भरून माणसं अशारला आणलीस, हाताला फोड येईपर्यंत दगड रचलेस, त्या भिंतीवर तो आदळला, वळला आणि ओढ्यात गेला. माझे बटाटे गेले, घरं वाचली. आणि ती सगळी माणसं कशातून आली होती रे? बसमधून! ओढा नव्या पुलाखालून फेसाळत होता आणि वरून आमची बस गेली. नुरझात माझा हात धरून बसली होती. गुलसून स्वतःहून सोबत आली, आणि पोरीला पहिल्यांदा तिनेच हातात घेतलं. मी तिथेच रडले.

रविवारी बारसं. दुआ आजोबाच देणार. दुपारच्या बसने ये, वहिनीला आण, आणि माया आणायला सांगायला नको, ती तुझ्याबरोबर येतेच.

तुझी,
जीपार

ता. क. सभेच्या दिवशी मी आजोबांना काय पढवलं होतं, असं तू जूनपासून विचारतोयस. शप्पथ, एक अक्षर नाही. फक्त त्या सकाळी चूल पेटवली नाही.