फियाटची पहिली चावी

कोरगाव, पेडणे
२८ जुलै २०२५

प्रिय साईश,

आशीर्वाद. तिकडे मस्कतला तू उन्हाने करपत असशील, इथे चार दिवस टॉवेल वाळत नाही. शेजारचा निखिल परवा तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर राखी आणि भाजके काजू पाठवतेय. आई बरी आहे. कागदावर लिहितेय, कारण फोनवर बोलताना बाबा शेजारी कान लावून असतात.

बाबांच्या फियाटचं वायरिंग संपलं. उंदरांनी कुरतडलेलं जुनं सगळं ओढून काढलं, तर टोपलीभर निघालं. आठवतं ना, दिवे लावले की भोंगा वाजायचा? आता दिवे म्हटलं की दिवेच लागतात. मोतीबिंदूमुळे बाबांना तांबडी आणि तपकिरी वायर एकच दिसते. ते स्टुलावर बसून विचारायचे, "बाय, ही खंयची?" आणि मी डॅशबोर्डखालून सांगायचे. पाठ मोडली, पण मजा आली.

तू व्हॉट्सअॅपवर पाठवलेला वायरिंगचा नकाशा बाबांनी छापून आणून गॅरेजच्या भिंतीला लावलाय. तो आपल्या गाडीचा नाहीच रे. त्यात अल्टरनेटर आहे, आपल्या गाडीला डायनामो. तरी गिऱ्हाईक आलं की बाबा तिकडे बोट दाखवतात, "आमच्या साईशान थंयसून सांगल्यान, तशी गाडी केली." तेव्हा माझा हात कोपरापर्यंत बॉनेटमध्ये असतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "बरां केलंस रे झिला." आणि तू हसून "हो बाबा" म्हणालास! माझ्या हातात पक्कड होती. मध्ये समुद्र आहे हे तुझं नशीब.

जळते मी तुझ्यावर. लिहून टाकलं एकदाचं. तुला नवी सायकल आली आणि मला तुझी जुनी, तेव्हा नव्हते जळले. पण हे काम मला येतं, मला आवडतं, आणि त्याचं श्रेय तू मस्कतला बसून खाल्लंस.

आता मुद्द्याचं. चतुर्थीला तू घरी आलास की गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून ह्याच गाडीने आणायचं ठरलंय. अख्खा वाडा जमणार, आई नारळ ओवाळणार आणि पहिली चावी तू फिरवणार. मी म्हटलं, "बाबा, मी फिरवू?" तर म्हणाले, "तुका कित्याक? झिल आसताना चेडवान चावी फिरवली तर लोक काय म्हणतले?" मुलीच्या हाती चावी नाही, पण चहा मात्र मागितला. मी दिलासुद्धा.

चोरी होऊ नये म्हणून आपण गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लपवून एक बटण बसवतो ना, तसं मी हिलाही बसवलंय. ते दाबल्याशिवाय चावी किती का फिरवेनास, इंजिन हूं की चूं करणार नाही. ते कुठे आहे हे बाबांनाही ठाऊक नाही.

तेव्हा तू चावी फिरवशील आणि काही होणार नाही. बाबा नकाशाकडे धावतील. तू बॉनेट उघडू नकोस, उगाच हात काळे होतील. खाली उतर आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, "ताय, वायरिंग तू केलंस, तूच येवन चालू कर." एवढंच. नाही म्हणालास, तर गणपती चित्रशाळेतच बसून राहील आणि ते पाप तुझ्या माथी.

मी आत नेवऱ्या तळत असेन. हाक जरा मोठ्याने मार, तेलाच्या आवाजात ऐकू येत नाही.

तुझ्यावर जळणारी, तरी राखी पाठवणारी,
संजनाताई