नोंदणी कार्यालयातील कोंबडा कापण्यापूर्वी ताब्यात मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय प्रमुख,
नोंदणी कार्यालय
(मागील दाराने, पुढील दारात तो उभा असतो)

विषय : आवारातील तरुण कोंबडा उद्याच्या निरोपाच्या जेवणात न शिजवता अर्जदारास देणेबाबत.
संदर्भ : आपल्या शिपायाने फाटकाआडून दिलेले तोंडी उत्तर, "बाई, तो झोपला की या."

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या फाटकासमोर अंडी विकणारी बाई असून तिचे जे काही शिक्षण झाले ते खुराड्यातच झाले. कुंपणातून आत आलेले हे पिल्लू आपल्या कर्मचाऱ्यांनी हौसेने पाळले. टंकलेखक बाईंनी मांडीवर निजवले, रोखपालांनी तळहातावर बिस्किटाचा चुरा भरवला, आणि आपण स्वतः त्यास फायलींवर बसवून कौतुक केले असे समजते. मादी असती तर एवढ्याने काही बिघडले नसते. नराची भीड एकदा चेपली की माणूस म्हणजे आपल्यासारखाच एक बेढब कोंबडा, असे त्यास वाटू लागते; आणि दोघांत मोठा कोण हे ठरल्यावाचून त्याच्या घशाखाली दाणा उतरत नाही.

२. तुरा लाल होताच त्याने एक पंख खाली टेकवून मुख्य लिपिकांभोवती तिरका फेरा मारला. मुख्य लिपिक दोन पावले मागे सरले. त्याच क्षणी कोंबड्यास बढती मिळाली, तीही परीक्षा न देता. पुढे शिपाई रोज सकाळी झाडू उगारून त्याच्याशी लढतो व दमला की आत जातो. कोंबड्याच्या हिशेबी तो रोज पळून जातो. झाडूने कोंबडा सुधारत नाही, त्याचा सराव होतो. आता सारे कार्यालय मागील दाराने ये-जा करते आणि बाळाच्या नोंदीसाठी आलेले आजोबा बाकावर उभे राहून नातवाचा जन्म सांगतात.

३. यावर आपल्या कार्यालयाने काढलेला तोडगा असा की, मुख्य लिपिक उद्या निवृत्त होत आहेत, तेव्हा एकाच स्वयंपाकात दोघांना निरोप द्यावा. आपणच लाडावून ठेवायचे आणि आपणच कापायचे, याला अर्जदाराच्या घरी कारभार म्हणत नाहीत.

४. अर्जदाराकडेही असा एक होता. यजमान पाण्याच्या टाकीवर चढून चहा पीत. तो सुधारला (कोंबडा, यजमान अजून चाचपडतात). उपाय साधा आहे. पळू नये, मारू नये. तो अंगावर आला तर आपण एक पाऊल पुढे टाकावे आणि त्याने तोंड फिरवले की थांबावे. तरीही आला तर दोन्ही पंख आवळून काखेत घ्यावा, मान हलकेच खाली ठेवावी व आपली कामे करत राहावे. अंग सैल सोडले की मगच खाली ठेवावा. दाणा हातावर देऊ नये, जमिनीवर टाकावा. हे रोज करावे लागते, आणि रोज करण्याची सवय कार्यालयास नाही हे अर्जदार जाणते.

५. काल अर्जदार पुढील दाराने आली, त्यास काखेत घेतले व रांगेत उभी राहिली. खिडकीशी पोचेपर्यंत तो झोपला होता. सारे कार्यालय बघायला बाहेर आले. मुख्य लिपिकांनी लांबूनच एक बोट त्याच्या मानेला लावले व म्हणाले, "अहो बाई, हा तर थरथरतोय." महोदय, कोंबडा स्वस्थ होता. थरथरत होते ते बोट. ते बोट मात्र त्यांनी बराच वेळ तिथेच ठेवले.

६. आणि तरीही आज दुपारी मोठे पातेले आत जाताना दिसले. त्यात वांगी शिजवावीत. मुख्य लिपिकांची हरकत नसावी. खात्री करायची असल्यास त्यांना विचारावे, पण सर्वांसमोर नको.

आज कार्यालय बंद होईपर्यंत पुढील दाराशी उभी असलेली,

आपली नम्र
अंडीवाली
(अंगठा नव्हे, सही)

दिनांक : आजचाच, गुरुवार

सोबत : झाकणाची वेताची टोपली, एक. रिकामी परत करू नये.