भोंग्याविना दिवस

३ मार्च
निघोजेच्या बॅटरी साठवण केंद्रात आज रुजू झाले. देहूरोडहून कंपनीची बस थेट फाटकापर्यंत येते. सुपरवायझर सोपानरावांनी चहा पाजला, आयुषच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, मैत्रीताई, घरच समजा. धाकट्या भावाच्या जागी मला घेतलं, हे उपकारच. आवारात बॅटऱ्यांच्या बारा पांढऱ्या पेट्या आहेत, प्रत्येक खोलीएवढी. आग लागली तर वाजायला प्रत्येकीवर भोंगा. फाटकाशी फळा आहे: ‘भोंग्याविना दिवस: ७१’. शंभर भरले की सगळ्यांना प्रेशर कुकर. सगळे खुशीत आहेत. मलाही बरं वाटलं.

९ मार्च
बोटांवर मोजलं. आयुष २० जानेवारीला गेला. चार नंबरच्या पेटीचं दार उघडलं आणि आतला वायू पेटला. मग फळ्यावर ७७ कसे? शेजारच्या टेबलावरची स्वरूपा म्हणाली, भोंगा कुठे वाजला होता? आणि तो ठेकेदाराचा माणूस होता गं. मग तिने डबा पुढे केला. मी भाजी घेतली.

१८ मार्च
नव्या चार नंबरजवळ गोडसर वास येतो, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. नोंदवहीत लिहिलं. दुपारी ते पानच नव्हतं. सोपानराव हसून म्हणाले, तुमच्या आयुषचंपण नाक लई तिखट. मग झाली त्याला सवय.

२५ मार्च
चार नंबरच्या भोंग्यात कापड कोंबलंय. धुळीनेसुद्धा वाजतो, म्हणून. जळालेल्या पेटीवरचाच भोंगा नव्या पेटीला लावलाय. आज शिडीवर चढून पाहिलं. निळा चौकड्यांचा रुमाल. कडा काळ्या. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा ‘आ’. आईच्या हातचा टाका.
त्यानेच कोंबला, म्हणे. कुकर आईला न्यायचा होता.

२९ मार्च
चार नंबरच्या आतून टकटक. तीनदा. घरी न्हाणीच्या दारावर तो असंच — ताई, आटप की —
कोणालाच ऐकू येत नाही. की येतं?

३१ मार्च
९९.
वास वाढलाय. पत्रा गरम. रुमाल काढते म्हटलं. सोपानराव म्हणाले, ताई, एक दिवस दम धरा, सगळ्यांच्या तोंडचा घास काढू नका. सगळे माझ्याकडे बघतायत. स्वरूपासुद्धा.
टकटक थांबत नाही —
शिडीवरून लिहितेय. रुमालाचं टोक हलतंय. वारा नाही. आतून कोणीतरी तो बाहेर ढकलतंय —
आयुष, थांब रे, मी ओढ