माझ्या डबल बासला चामड्याचं म्यान

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.

काल लोणावळ्याच्या हॉटेलात जे झालं त्यात माझी चूक नव्हती, हे आधी लिहून ठेवतो. डबल बास हे माणसापेक्षा उंच वाद्य. काही भाग व्हायोलिनसारखा गज तारांवर घासून वाजवायचा, काही बोटांनी तारा छेडून. बोटं चालू असताना गज ठेवायचा कुठे? मी खुर्चीवर ठेवला. तो पडला आणि घसरत एका कुटुंबाच्या टेबलाखाली गेला. गाणं थांबलं. त्यांच्यातल्या एका काकांनी तो पेपर नॅपकिनने पुसून परत दिला. सुसंस्कृत माणूस.

अनघा (आमची गायिका, ग्रुप तिचाच) तेव्हा पुढच्या गाण्याकडे वळली. नंतर बोलली. २९ तारखेला हॉटेलात एका आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचा कार्यक्रम आहे. त्यांच्या आवडीच्या संथ गाण्याची सुरुवात गजाने, मग लगेच बोटांनी. काका, एवढं जमलं तर तुम्ही आहात, म्हणाली. नाही तर डिसेंबरपासून बासचा भाग प्रितम कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवेल.

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून चार वर्षं या वाद्याला दिली. आणि माझी जागा घेणार प्रितमचा डावा हात.

शांतपणे विचार केला. वाजवणं उत्तम आहे. प्रश्न फक्त गज ठेवण्याचा आहे. परदेशात वाद्यालाच चामड्याची लांब पिशवी बांधतात, तिला क्विव्हर म्हणतात. संकल्प: क्विव्हर मिळवणे. रोज दोन तास सराव.

३ नोव्हेंबर, सोमवार.

सराव नाही. दिवस क्विव्हरच्या अभ्यासात गेला. काळं की तपकिरी, हा मुख्य प्रश्न. काळं ऑफिसच्या बॅगेसारखं दिसतं. तपकिरी पक्कं.

अनिताला फोटो दाखवले. म्हणाली, म्यान आहे की हे, तलवार कुठाय? बायकोला कलेतलं सगळंच कळावं ही अपेक्षा मी कधीच सोडली आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

परदेशातून यायला सहा आठवडे. म्हणजे गेलं. पण टाकव्यात श्रीपती म्हणून एक कारागीर आहे. शर्यतीच्या बैलांचे पट्टे करतो, घाटावर त्याच्या पट्ट्यांना मान आहे. मापं कागदावर काढून घेऊन गेलो. त्याने कागद बघितलासुद्धा नाही. जनावर बघितल्याबिगर आपुन चामडं कापत न्हाई, म्हणाला.

सराव: नाही (प्रवास).

९ नोव्हेंबर, रविवार.

ओळखीच्या पिकअपमध्ये बास घालून घोरावाडीच्या घरून टाकव्याला. श्रीपतीने बासच्या पोटावरून, कमरेवरून हात फिरवला. वय विचारलं. चार वर्षं, म्हणालो. मग अजून भरंल, म्हणाला. लाकूड भरत नाही हे मी समजावून सांगितलं. व्हय व्हय, म्हणाला आणि पट्ट्याला तीन भोकं जास्तीची ठरवली.

मग विचारलं, ही काठी आता कुटं ठेवता? खुर्चीवर, म्हणालो. मंग खुर्चीत काय खोट हाय? मी म्हणालो, पडते. तो म्हणाला, मंग खुर्ची सरळ ठिवा की.

ग्रामीण भागात या वाद्याची जाण यायला वेळ लागणार. शेवटी मात्र करतो म्हणाला. सराव: नाही, वाद्य प्रवासाने थकलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

अनघाने विचारलं, सराव कसा चाललाय. तयारी जोरात आहे, असं सांगितलं. तयारी आणि सराव यांत फरक आहे, पण तिने तयारीबद्दल विचारल्यासारखंच वाटलं. आज हॉटेलातल्या गाण्यांत गज वापरला नाही. मुद्दाम. क्विव्हर नसताना वापरणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. प्रितम हसत होता, पण तो नेहमीच हसतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

टाकव्याला फेरी. शिवण सुंदर. पण टोकाला दोन घुंगरं. काढा म्हणालो तर श्रीपती नाराज झाला. घुंगराबिगर जनावर आल्यालं लोकांस्नी कसं कळणार, म्हणाला. मी म्हणालो, माझं वाजवणं ऐकून कळेल. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घुंगरं उसवली.

नऊ दिवस उरले. अजिबात घाबरलेलो नाही. उद्यापासून रोज तीन तास.

२३ नोव्हेंबर, रविवार.

उद्यापासून चार तास.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

क्विव्हर आलं. श्रीपती स्वतः बसवायला घोरावाडीला आला. चामडं रात्रभर भिजवून आणलं होतं. ओलं असतानाच बांधायचं, वाळलं की अंगाशी बसतं, ही त्यांची पद्धत. तारा ज्या काळ्या लाकडाला खाली बांधलेल्या असतात त्याला दोन पट्ट्यांनी असं घट्ट आवळलं की हलायचं नाव नाही.

जाताना सांगून गेला: आत गजाएवढी एक काठी सरकवा, शनिवारपातुर हात लावू नगा, मंग काठी काढा, आकार धरल्यालं आसंल. अनिताने लगेच जुन्या झाडूचा दांडा आणला. माझ्या क्विव्हरमध्ये झाडू? गजाचा आकार गजाच्याच अंगाने येणार, हा साधा तर्क आहे. गज आत सरकवला. बसला अगदी छान.

त्यामुळे शनिवारपर्यंत सराव अशक्य. नाइलाज आहे. दूर उभं राहून बराच वेळ बघितलं. चार वर्षांत इतकं समाधान झालं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी.

काल गज निघाला नाही.

आजी-आजोबा पुढच्या टेबलावर. अनघाने मान हलवली. मी ऐटीत हात खाली नेला आणि ओढलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा अख्खा बासच वर आला. चामड्याने गज असा धरला होता की जणू बैलाची मान. सगळं हॉटेल बघत होतं. प्रितमचा डावा हात कीबोर्डवर तयार. खोटं लिहीत नाही, वाटलं, संपलं आपलं.

अनघा थांबली नाही, गायला लागली. मग मीही बोटांनीच सुरू केलं. घाबरलेलो होतो, म्हणून फार काही केलं नाही. एक सूर, थांबायचं, एक सूर. आजी-आजोबा उठले आणि हळूहळू नाचायला लागले. आजोबांचा गुडघा दुखत असावा, तेही एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल. प्रितमने डावा हात खाली घेतला.

नंतर अनघा म्हणाली, काका, तुमचा डिसेंबर पक्का. एकच अट, गज आहे तिथेच राहू दे. मी हसलो. ती हसली नाही.

२ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.

श्रीपतीला फोन केला. पाणी मारलं की चामडं सैल पडंल, गज निघंल, म्हणाला. काढायचाय का? मी उद्या सांगतो म्हणालो.

मन लागेना. वाईट वाटत होतं, लपवून काय उपयोग. शेवटी अनिताला सरळ विचारलं, चार वर्षं मी घरात गजाने वाजवतोय, कसं वाटतं? खरं सांगू का, म्हणाली. सांग म्हणालो. ती आत गेली, चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि मग बोलली.

शेजारच्या कस्तुराबाई चार वर्षं तिला भेटल्या की विचारतात, तुमच्याकडचं फर्निचरचं काम कधी संपणार.

तू काय सांगतेस, मी विचारलं. इतकी वर्षं सांगत होते, चाललंय अजून, म्हणाली. आज सकाळी सांगितलं, झालं.