अकरा काड्या, जैसे थे

दि. १० मार्च, मंगळवार, सकाळी

प्रिय मुंगीस,

अनेक आशीर्वाद. माझं बरं चाललंय. गुडघा जागेवर आहे, त्यातली कळही जागेवर आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडता येतो, पण मध्येच तोडता येत नाही.

तुला, मला आणि खिडकीपुढे उभं राहून 'साहेब जागेवर नाहीत' ऐकलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो. कायदा काय आहे हे ज्याला माहीत असायला हवं त्यालाच माहीत नसेल, तर आपण तो पाळला की मोडला हे कोण ठरवणार? चोराला निदान कळतं की तो चोर आहे. आपल्याला तेवढाही मान नाही!

हो, कळतंय. भाषण झालं. छापखान्याच्या फाटकावर तीस वर्षं ओरडलेला माणूस पत्रातही टेबलावर उभाच राहणार.

इथल्या बातम्या सांगतो. शेजारच्या नर्सबाई निवृत्त झाल्या आणि आता माझा रक्तदाब रोज मोजतात. त्यांना दुसरा पेशंट नाही. रोपवाटिकेच्या माळ्याने एक गुलाब अजून औषध न मारता ठेवलाय. "तुमच्या मुलीच्या काड्यांसाठी," म्हणतो. परवा मी पानं न्यायला गेलो नाही, तर त्याने फांदी दारात आणून ठेवली. ती सुकली.

का सुकली, ते लिहायला बसलोय. दोनदा चहा केला, तरी सुरुवात होत नाहीये.

जानेवारीत जाताना तू पेटी माझ्या खिडकीत ठेवलीस. अकरा काडीकिडे, हुबेहूब वाळक्या काड्यांसारखे, सगळ्या नराशिवायच अंडी घालणाऱ्या माद्या, कुणीतरी परदेशातून आणलेल्या अंड्यांच्या नाती-पणत्या. दिवसाआड ताजी पानं, सकाळी पाण्याचा फवारा, खाली पांढरा कागद. आणि दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, "बाबा, कुणाला विचारू नका. विचारलं की उत्तर द्यावं लागतं त्यांना."

मी विचारलं. एवढं तुला माहीत आहे. मी अर्ज केल्याचं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तुम्हाला फक्त टाळ्या हव्यात," आणि फोन ठेवलास. पुढचं तुला माहीत नाही.

मी चार खिडक्या फिरलो. वनखात्याचा कारकून म्हणाला, आमच्या जंगलातला प्राणी नाही, आमचा संबंध नाही. शेतीवाल्यांनी विचारलं, कीड आहे का? असेल तर नष्ट करू. मी म्हटलं, गुलाबाची चार पानं खाते, तुमच्यापेक्षा कमी. पाळीव प्राण्यांच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला.

"पाय किती?"

"सहा."

"आमचा फॉर्म चार पायांचा आहे, काका."

"पक्ष्यांना कुठे चार असतात?"

"पक्ष्यांचा वेगळा आहे," त्या म्हणाल्या. सगळी रांग हसली. मीही हसलो. मुंगे, खरं सांगतो, मला मजा येत होती. कित्येक वर्षांत कुणाशी भांडायला मिळालं नव्हतं.

चौथ्या खिडकीने अर्ज घेतला. मी युनियनच्या पोरांना काय शिकवायचो? तोंडी काही नको. लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी पोच घेतली. गोल शिक्का, तारीख, सही. लढाई जिंकल्यासारखा ती घडी करून खिशात घालून घरी आलो. अर्जात लिहिलं होतं: 'सदर कीटक पाळण्यास परवानगी लागते काय, लागत असल्यास ती द्यावी.' त्याखाली रकाना होता, 'मालकाचे नाव'.

तिथे मी तुझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, पत्ता, नव्या नोकरीच्या प्रयोगशाळेसकट. खरं तेच लिहायचं, ही खोड.

दोन मार्चला तपासनीस आला. उंच, लाजाळू माणूस, चप्पल बाहेर काढून आत आला. त्याने पेटीसमोर उकिडवं बसून मोजणी केली. एक काडी त्याच्या बोटावर चढली, तर तो हसला. मग आदेश वाचून दाखवला. परवानगी लागते की नाही, याचा निर्णय वरून येईल. पुढची तारीख सप्टेंबरात. तोवर पेटी व त्यातील ऐवज जैसे थे ठेवावा. उल्लंघन झाल्यास मालकावर गुन्हा.

मी म्हटलं, "साहेब, जमिनीला 'जैसे थे' म्हणा, भिंतीला म्हणा. जी सकाळी खाते आणि संध्याकाळी कात टाकते, ती जैसे थे कशी राहणार?"

"काका, भाषण माझ्यापुढे नको," तो हळूच म्हणाला. "मी वाचून दाखवायला आलोय."

त्याने पेटी पांढऱ्या कापडात गुंडाळली, सुतळीने आवळली आणि गाठींवर लाख ओतली. तुझी पेटी बाळंतविड्यासारखी दिसायला लागली. जाताना दारात थांबला. "तुम्ही अर्ज केला नसता ना, तर कुणाला कळलंही नसतं."

म्हणजे तुझंच वाक्य. फक्त त्याने शिक्का मारून दिलं.

आत दोन दिवसांची पानं होती. आज नववा दिवस आहे.

नर्सबाई रोज टोमणा मारतात. "फाडा की ते फडकं! जन्मभर लोकांना सांगितलंत ना, अन्यायाचा हुकूम पाळणारा निम्मा गुन्हेगार?" सांगितलं होतं. पोलिसांची रांग समोर असताना सांगितलं होतं. आणि आता एका सुतळीला हात लावायची माझी छाती होत नाही. गुन्हा माझ्यावर होणार असता तर पहिल्याच दिवशी दातांनी तोडली असती. पण होणार तुझ्यावर. मे महिन्यात तुझी चारित्र्य पडताळणी आहे, त्यावर तुझी कायमची नोकरी आहे. मी सुतळी तोडली तर तुझी नोकरी जाते. नाही तोडली तर तुझ्या काड्या जातात. मी चारही खिडक्यांत पुन्हा जाऊन आलो. साहेब जागेवर नाहीत.

कापडावर पाणी मारतो. ओल आत जात असेल, पोट भरत नसेल.

आत दिसत काहीच नाही, पण ऐकू येतं. अंडं कागदावर पडलं की टिक वाजतं, तूच मला कान लावायला शिकवलं होतंस. दुपारी रस्ता शांत असतो, तेव्हा तासभर पेटीला कान लावून बसतो. पहिल्या दिवशी चाळीसच्या वर टिक मोजले. गुरुवारी अकरा. शनिवारी तीन. काल एक झाला. मग बराच वेळ बसलो. तो शेवटचाच होता.

हे मला लिहायचं नव्हतं. सुरुवातीला गुडघा आणि माळी लिहीत बसलो तो याच्यासाठी.

आता माझं ऐक, मुंगे. मोठ्या वाचणार नाहीत. हे पत्र तुला पोचायला चार दिवस, परत यायला चार. पण त्या कागदावर शंभरावर अंडी पडलेली आहेत. तूच सांगितलंस, चार-पाच महिन्यांनी फुटतात. म्हणजे जुलै-ऑगस्टात केसाएवढी पिल्लं बाहेर येतील, अंधारात, कापडाखाली, एक पान नसलेल्या पेटीत. आणि तारीख सप्टेंबरातली.

सोबत एक कागद आहे. बक्षीसपत्र. त्यात लिहिलंय की पाच जानेवारीला तू ही पेटी, आतल्या किड्यांसह आणि अंड्यांसह, मला कायमची देऊन टाकलीस. तारीख खोटी आहे. मी आयुष्यात घातलेली पहिली खोटी तारीख. म्हाताऱ्याने चुकून जुन्या मालकाचं नाव लिहिलं, असं मी खिडकीत सांगेन. कुणी विश्वास ठेवेल असं वाटत नाही. कदाचित तरीही तुझ्याकडे नोटीस येईल. पण गुन्ह्याचा रकाना भरायला त्यांना माझं नाव मिळेल, आणि त्या दिवशी मी सुतळी तोडेन. नर्सबाईंना साक्षीला बोलावून, भर दुपारी.

मला माफ कर असं लिहीत नाही. त्याचं उत्तर नको. फोनही करू नकोस. परतीच्या पाकिटावर पत्ता घातलाय, तिकीट लावलंय. जिथे पेन्सिलीने फुली केलीय तिथे सही कर आणि पाकीट आजच टपालपेटीत टाक.

पोच न मागता वाट पाहणारा,
तुझा बाबा