आमच्या चर्चवरचा हल्ला

रवि., २ नोव्हें.
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी थांबवलं. तीस तारखेला चर्चच्या इमारतीला चाळीस वर्षं होतात. स्मरणिकेसाठी मंडळीचा इतिहास लिहायचा, चार पानं. "एस्तेर, मंडळीत इतिहासाची बी.ए. तूच. तूच लिहायचं." कपाटाची किल्ली दिली. घरी सांगितलं तर मम्मी रडायलाच लागली आनंदानं. पप्पा म्हणाले, "जुनं काय उकरायचं त्यात."

मंगळ., ४ नोव्हें.
कपाट. निम्मे कागद वाळवीनं खाल्लेत. उरलेल्यांत आहेत खेड्यांतून चिकलठाण्याच्या कारखान्यांत आलेली माणसं. सहा दिवस कंपनीत, रविवारी उपासना झाडाखाली, मग बांधकामाचे दगड फोडायचे. आजी पोटुशी असताना घमेली वाहत होती. खिडक्यांच्या जाळ्या शेजारच्या वेल्डिंगवाल्या अन्वरचाचांनी केल्या. वाचताना ऊर भरून आला.

मग हल्ल्याचं पान. "उपासना चालू असता बाहेरील गुंडांनी हल्ला केला. दाऊद पगारे यांचा हात मोडला. शेजारी अन्वर वेल्डिंगवाला यांचे नाव पोलिसांत दिले."

मी तेव्हा पहिलीत. बाकाखाली होते, मम्मीनं पदर माझ्या डोळ्यांवर दाबलेला. चटईवर रक्त. दरवर्षी आम्ही प्रार्थना करतो, आमच्यावर हात उचलणाऱ्यांना क्षमा कर. मीही केलीय. अन्वरचाचांच्या दुकानाकडं बघत.

शनि., ८ नोव्हें.
प्रभूभोजनाची वही सापडली. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि पेला घेणाऱ्याच्या नावापुढं बरोबरची खूण. आमच्याकडं नियम कडक आहे. कुणाशी वैर असेल, मिटलेलं नसेल, तर पेला घ्यायचा नाही.

हल्ल्यानंतरच्या महिन्यात, चर्च सोडून गेलेले दाऊद पगारे धरले नाहीत तरी, अकरा नावांपुढं खूण नाही. अकराच्या अकरा आपलेच. पुढं एकेक जण परत येतो. दहा येतात. एका नावापुढचं घर आजपर्यंत रिकामं.

पप्पा.

आम्हाला सांगत आले, शुगर आहे, द्राक्षरस चालत नाही. आणि दर महिन्याला वेदीवरचा कपडा तेच अंथरतात.

वैर बाहेरच्यांशी असतं तर हे अकरा का थांबले? पोलिसांपुढं खोटं बोलता आलं, पेल्यापुढं नाही?

रवि., ९ नोव्हें.
पुंडलिकनगरला दाऊद पगारेंकडं, आमच्या दाऊदमामांकडं गेले. हल्ल्यानंतर त्यांनी चर्च सोडलं, घरीच प्रार्थना करतात. उजवा हात कोपरातून वाकडा. वही दाखवली. त्यांनी नावांवरून बोट फिरवलं.

"बाहेरचे? कोन बाहेरचे, पोरी? चर्चची जागा बिल्डरला द्यायची का नाय, त्याचं भांडण व्हतं. मी म्हनलं नाय. दारात आडवा झोपलो. तुझ्या बापानं बाकाचा पाय उपटला. एक बसला तवाच हाड गेलं. तरी मारत व्हता."

"किती वेळा?"

"मोजतं का कुनी."

मग मंडळीचे पंच बसले. घरचं भांडण कोर्टात नको, अकरा जणांच्या नोकऱ्या जातील, बाहेरच्याचं नाव घाला. "मी बी सही केली. डाव्या हातानं."

"आणि अन्वरचाचा?"

"नऊ दिवस आत ठिवला. उलटा टांगून…" चहा गार झाला.

शुक्र., १४ नोव्हें.
पाच दिवस धीर होत नव्हता. आज जेवताना, धाकटा भाऊ सनी घरी नसताना, पप्पांना विचारलं. ताट भिंतीवर. मग माझ्या कानाखाली. आयुष्यात पहिल्यांदा. "शिकवली म्हणून माझ्यावरच खटला चालवती?" मम्मी मध्ये पडली, तिलाही लागलं. कान अजून वाजतोय.

'हे खोटं आहे' असं म्हणाले नाहीत. एकदाही.

रवि., १६ नोव्हें.
चार पानं पाळकसाहेबांना दिली. तिसरं वाचलं, फाडलं. "मंडळी फुटंल, एस्तेर." मी म्हटलं, एका निरपराध माणसाला आपण मारायला दिलं. "त्याच्यासाठी आपण दरवर्षी प्रार्थना करतोच ना!"

त्यांना खरंच असं वाटतं. तेच भयंकर.

गुरु., २० नोव्हें.
सकाळी चर्चची काच फुटलेली. दगड आत. कुणी मारला, कुणी बघितलं नाही. दुपारी सनी आणि चर्चच्या तरुण संघाची पाच पोरं हॉकी स्टिका घेऊन अन्वरचाचांच्या दुकानात घुसली. चाचा साठीचे. डोकं फुटलं, दोन दात गेले. पडल्यावरही लाथा.

सनी घरी आला, बुटांवर रक्त. "दाऊदमामाच्या हाताचा बदला घेतला, दीदी."

सांगितलं त्याला. सगळं. त्यानं मला ओट्यावर ढकललं, कपाळाला खोक पडली. पप्पा दारात उभे होते, ऐकत. सनी त्यांच्याकडं वळला. "पप्पा, खोटं बोलतीय ना ही? बोला ना!"

पप्पा त्याच्या बुटांकडं बघत होते. सनीनं बूट काढले आणि बाहेर जाऊन ओकला.

माझ्या भावाला हे मी अकरा दिवस आधी सांगायला हवं होतं. इतिहास छापून यायची वाट बघत बसले.

रवि., ३० नोव्हें.
स्मरणिका आली. तिसऱ्या पानावर "बाहेरील गुंड". उपासनेत साक्ष द्यायच्या, म्हणजे ज्यानं त्यानं आपला अनुभव सांगायच्या वेळी उठले आणि फाडलेलं पान पाठ म्हटलं. अकरा नावं. दहाव्याला माईक हिसकावला. कुणीतरी ओरडलं, "बाटगी! चाचाची वकील झाली काय!" केस ओढले. सनी माझ्यापुढं उभा राहिला, त्याच्या तोंडावर स्तोत्रांचं पुस्तक बसलं. बायका पोरांना घेऊन बाहेर पळत होत्या.

अकरावं नाव घ्यायचं माझं राहिलं होतं. ते पप्पांनीच घेतलं. "हात मी मोडला. अन्वरचं नाव बी मीच सुचवलं."

हे दुसरं मला माहीत नव्हतं.

त्यांच्याच जुन्या साथीदारानं त्यांना पाडलं. तिघे मारत होते. पप्पांनी हात वर केला नाही.

सोम., १ डिसें., सकाळी
ही वही पर्समध्ये होती, म्हणून इथंच लिहिते. अन्वरचाचांच्या दुकानासमोरची पायरी.

पप्पा आज अंथरुणातून उठले, एक डोळा बंद, ओठ फाटलेला. चालत आले. मी मागं. चाचा डोक्याला पट्टी बांधून दुकानात एकटे. हातात सळई.

"अकेला आया?"

"हां."

"बेटी को बाहर रख."

पप्पा आत गेले. चाचांनी आतून शटर ओढलं.

दहा मिनिटं झाली. ग्राइंडरचा आवाज नाही, बोलण्याचा नाही. एकदा लोखंड पडल्यासारखं काहीतरी. मी उठले, परत बसले.

आता सनी आलाय धावत. हॉकी स्टिक. "शटर उचलतो." नाही म्हटलं. "मेले तर?" नाही म्हटलं. बसलाय शेजारी. त्याची कॉलर डाव्या हातात घट्ट धरलीय, उजव्यानं लिहितेय. किती वेळ धरवेल…